कॉम्प्युटर मेलेला नाही, त्याचा पडदा हरवलाय

मंडळी, पोस्ट लांब आहे, आधीच सांगून ठेवतो. चहा घेऊन बसा.

जुनी यंत्रं गोळा करून चालती करायचा नाद मला बरीच वर्षं आहे. त्यामुळे ओळखीतले लोक अधूनमधून विचारतात, ‘आमच्याकडे माळ्यावर एक पुराणा कॉम्प्युटर पडलाय, बंद आहे, भंगारात घालतोय. तुम्हाला हवा का?’ यावर माझा उलटा प्रश्न ठरलेला असतो. बंद आहे, की दिसत नाहीये?

प्रश्न विचित्र वाटेल, पण फरक फार मोठा आहे. पंखा फिरतोय, सुरू केल्यावर एक छोटी ‘बीप’ येतेय, फ्लॉपीचा दिवा लुकलुकतोय, म्हणजे यंत्र जिवंत आहे. आपल्याला काही दिसत नाही, कारण त्याचा मॉनिटर पंधरा-वीस वर्षांपूर्वी गेला. कुणीतरी दुकानातून नवा एलईडी मॉनिटर आणतो, वायर बसत नाही. खटपट करून बसवलीच तर पडद्यावर ‘आऊट ऑफ रेंज’ अशी पाटी येते. मग सगळे म्हणतात, गेला कॉम्प्युटर. भंगारवाल्याला फोन जातो.

आजची पोस्ट याच पाटीबद्दल आहे. ती का येते, तिच्यामागे कुणाकुणाचे निर्णय आहेत, एका छोट्या सर्किट बोर्डाने ती कशी जाते, आणि आपल्या गावातल्या संस्थांचा याच्याशी काय संबंध.

सुरुवात टीव्हीपासून करावी लागेल.

आपल्याकडे दिल्लीत टीव्ही आला १९५९ साली, मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ ला. भारताने युरोपसारखी ६२५ रेषांची पद्धत घेतली. पिक्चर ट्यूबचा टीव्ही चित्र काढायचा ते वहीत शुद्धलेखन लिहिल्यासारखं. डावीकडून उजवीकडे एक ओळ, झटकन परत डावीकडे, मग खालची ओळ. सेकंदाला २५ पूर्ण चित्रं, प्रत्येकात ६२५ ओळी. गुणाकार करा, सेकंदाला १५,६२५ ओळी. एका ओळीला ६४ मायक्रोसेकंद. हा आकडा लक्षात ठेवा, पुढची सगळी कहाणी या १५,६२५ भोवती फिरते. जुन्या टीव्हीजवळ गेल्यावर लहान मुलांना जी बारीक ‘कुंई’ ऐकू यायची, ती हीच.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला घरगुती कॉम्प्युटर आले तेव्हा वेगळा मॉनिटर घेणं सामान्य माणसाच्या आवाक्यातलं नव्हतं. टीव्ही मात्र घरात होता. मग कॉम्प्युटर बनवणाऱ्यांनी सोपा मार्ग काढला. यंत्राला टीव्हीचीच भाषा शिकवली. बीबीसी मायक्रो (१९८१), झेडएक्स स्पेक्ट्रम (१९८२), कमोडोर ६४ (१९८२), पुढे अमिगा (१९८५), ही सगळी मंडळी टीव्हीच्या लयीत बोलणारी. अमेरिकेत ५२५ रेषांची पद्धत, तिथला आकडा साधारण १५,७३४. पण लय तीच, पंधरा हजारांच्या घरातली.

यात एक छोटी चलाखी होती. टीव्ही एक चित्र दोन हप्त्यांत काढायचा. आधी विषम ओळी, मग सम ओळी. त्याने अक्षरं थरथरतात. म्हणून बहुतेक घरगुती कॉम्प्युटर दरवेळी त्याच ओळींवर लिहायचे, सेकंदाला ५० वेळा. टीव्हीच्या व्याकरणात ही थोडी बोलीभाषा होती. जुन्या ट्यूबला ती समजायची. आजच्या टीव्हीला नीट समजत नाही, त्याचा त्रास पुढे येतोच.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं परदेशातलं, आपला काय संबंध? आहे की.

१९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने शाळांत कॉम्प्युटर शिकवण्यासाठी ‘क्लास’ नावाचा प्रकल्प सुरू केला. त्यासाठी यंत्र निवडलं गेलं ते ब्रिटनच्या एकॉर्न कंपनीचं बीबीसी मायक्रो. सुरुवात अडीचशेच्या आसपास शाळांपासून झाली, आणि पुढे देशभर सुमारे १२,००० यंत्रं वाटली गेली. मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सने हे यंत्र भारतात बनवायचा परवानाही घेतला होता. १९८८ मध्ये डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने स्पेक्ट्रमची भारतीय आवृत्ती काढली. आज पन्नाशीच्या आगेमागे असलेल्या वाचकांपैकी काहींनी आयुष्यातला पहिला प्रोग्रॅम बीबीसीच्या त्या काळ्या-लाल कीबोर्डवर लिहिला असेल. लिहिला असेल तर खाली नक्की सांगा.

ही झाली शाळेची आणि घराची बाजू. ऑफिसची बाजू वेगळीच होती.

१९८१ च्या ऑगस्टमध्ये आयबीएमने पीसी आणला. त्याला दोन प्रकारची चित्रकार्डं मिळायची. एक एमडीए, फक्त अक्षरं, पण सुबक. त्याची लय १८,४३२. दुसरं सीजीए, रंगीत पण जाडीभरडी अक्षरं, त्याची लय टीव्हीसारखी. १९८४ मध्ये ईजीए आलं, ते साधारण २१,८०० पर्यंत जायचं. तिन्हींचा प्लग बाहेरून अगदी सारखा, नऊ पिनांचा. आत मात्र कुठल्या पिनेवर काय येतं ते वेगळं, आणि लयही वेगळी. एमडीएचा मॉनिटर चुकून सीजीएला जोडला तर तो जळण्याचीही भीती असायची.

यात आणखी एक कार्ड होतं, आणि त्याची जन्मकथा आपण मराठी माणसांनी ऐकण्यासारखी आहे. व्हॅन सुवान्नुकुल नावाचा थायलंडचा एक विद्यार्थी अमेरिकेत होता. त्याला आपला पीएचडीचा प्रबंध थाई अक्षरांत पीसीवर लिहायचा होता. एमडीएला इंग्रजीखेरीज लिपी काढता येत नव्हती, सीजीएवर थाईची बारीक वळणं उमटत नव्हती. मग गड्याने स्वतःच कार्ड बनवलं. १९८२ चं हे हर्क्युलस कार्ड, ७२० बाय ३४८ ठिपके, एका रंगात पण धारदार. भारतात नव्वदच्या आगेमागे ऑफिसांत जे हिरव्या किंवा नारिंगी अक्षरांचे पीसी दिसायचे, त्यातल्या पुष्कळांत हर्क्युलसचीच कुठलीतरी नक्कल असायची. आपली लिपी यंत्राला येत नाही म्हणून एका माणसाने यंत्र बदललं, आणि ते जगभर चाललं.

आपल्याकडेही तेच दुखणं होतं. आयआयटी कानपूरमध्ये भारतीय लिप्यांवर काम सुरू झालं, आणि १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिल्यावर मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते पुढे नेलं. जिस्ट कार्ड म्हणतात ते हेच. पीसीच्या पोटात हे कार्ड बसवलं की डॉसमध्ये देवनागरी दिसायची आणि लिहिता यायची. युनिकोड सर्वत्र रुळायच्या कितीतरी आधी मराठी अक्षरं सरकारी टेबलावरच्या पडद्यावर उमटली ती अशी. ही अक्षरं साठवायची पद्धत ‘इस्की’. तिचं मानक १९९१ चं. आज ती पद्धत दैनंदिन वापरात उरलेली नाही, पण त्या वेळच्या फायली त्याच पद्धतीत आहेत.

आता गोष्टीला वळण मिळतं. एप्रिल १९८७. आयबीएमने व्हीजीए आणलं. पंधरा पिनांचा प्लग, रंगांचे संकेत चढउताराचे, आणि लय ३१,४६९. म्हणजे अमेरिकेतल्या टीव्हीच्या दुप्पट. कॉम्प्युटरचा मॉनिटर त्या दिवशी टीव्हीपासून वेगळा निघाला. काही वर्षं दोन्ही लयी समजणारे महागडे मॉनिटर मिळत होते. पण स्वस्त व्हीजीए मॉनिटर आले, आणि ते ३१ हजारांखालचं काही ऐकूनच घेत नव्हते. १९८७ पूर्वीची सगळी यंत्रं त्या क्षणी अर्धी आंधळी झाली. ट्यूबचा टीव्ही आणि जुने मॉनिटर होते तोवर चाललं.

मग चपटे पडदे आले. १९९९ ला डीव्हीआय, २००२ च्या डिसेंबरात एचडीएमआय. आणि २०१० च्या डिसेंबरात इंटेल, एएमडी, डेल, लेनोव्हो, सॅमसंग आणि एलजी यांनी मिळून जाहीर केलं की २०१५ पर्यंत व्हीजीए सोडून द्यायचं. एकेकाळी ज्या व्हीजीएने बाकीच्यांना बाहेर काढलं, त्याचीही गाडी फलाटावरून सुटली. आज दुकानात साधा मॉनिटर घ्यायला जा, पाठीमागे निळा पंधरा पिनांचा प्लग असेलच असं नाही.

थांबून एवढंच बघा. ६२५ रेषांची पद्धत घेणं हा सरकारी निर्णय होता. शाळांना बीबीसी मायक्रो देणं सरकारी निर्णय. व्हीजीए आणणं आणि पुढे सोडणं हे कंपन्यांचे निर्णय. त्यातला एकही मूर्खपणाचा नव्हता, प्रत्येकाला त्या वेळची कारणं होती. पण प्रत्येक निर्णयाबरोबर मागच्या पिढीची यंत्रं एकेक पायरी खाली गेली, आणि त्यांच्यात साठवलेलं वाचायचं कसं हा प्रश्न कुणाच्याच टेबलावर नव्हता. निर्णय घेणारे एक, किंमत मोजणारे दुसरे. सार्वजनिक व्यवहारात हे आपण रोज बघतो.

मग हा प्रश्न सोडवला कुणी? हौशी लोकांनी.

या डब्याचं काम समजायला सोपं आहे. जुनं यंत्र एका लयीत बोलतंय, नवा पडदा दुसऱ्या लयीत ऐकतोय. मध्ये दुभाषा हवा. दुभाष्याच्या दोन जाती आहेत.

पहिली जात पूर्ण चित्र ऐकून घेते, स्वतःच्या स्मृतीत साठवते, मग नव्या मापात पुन्हा सांगते. याला स्केलर म्हणतात. जीबीएस ८२०० नावाचा चिनी बोर्ड याच जातीतला. तो मूळचा बनला व्हिडिओ गेमच्या दुकानातल्या खोक्यांसाठी. त्यातल्या जुन्या ट्यूब मेल्या की चपटा पडदा लावता यावा म्हणून. स्वस्त आहे, सहज मिळतो, पण त्याचं मूळ सॉफ्टवेअर ओबडधोबड. हौशी लोकांनी त्यावर एक छोटा वायफायचा चिप बसवून नवं सॉफ्टवेअर लिहिलं आणि फुकट वाटलं, तेव्हापासून तोच बोर्ड कितीतरी चांगलं चित्र देतो.

दुसरी जात जास्त चपळ. ती पूर्ण चित्राची वाट बघत नाही. एक ओळ ऐकली की तीच दोनदा सांगते, दुप्पट वेगाने. पंधरा हजारांचे एकतीस हजार होतात. थांबावं लागतं ते जेमतेम एका ओळीपुरतं, म्हणजे ६४ मायक्रोसेकंदांच्या आसपास. पूर्ण चित्र साठवणारा दुभाषा कमीत कमी एक चित्र मागे पडू शकतो, म्हणजे २० मिलिसेकंद. खेळ खेळणाऱ्याला तो फरक जाणवतो, हिशेब वाचणाऱ्याला नाही. फिनलंडच्या मार्कुस हिएन्कारीने बनवलेला ओएसएससी हा या जातीतला नावाजलेला डबा. त्याचा नकाशा आणि सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी खुलं आहे, कुणीही बनवावं.

तिसरं उदाहरण मला सगळ्यांत आवडतं. ब्रिटनमधल्या बीबीसी मायक्रोच्या चाहत्यांनी ‘आरजीबी टू एचडीएमआय’ नावाचा बोर्ड बनवला. यात मध्यभागी रास्पबेरी पाय झिरो हा बोटभर कॉम्प्युटर, आणि सोबत एक छोटा चिप. तो जुन्या यंत्राचा प्रत्येक ठिपका नेमका केव्हा येतो हे ओळखतो आणि तसाच्या तसा एचडीएमआयवर मांडतो. ना धूसरपणा, ना रंगांची सरमिसळ. पुढे हाच बोर्ड सीजीए, ईजीए, एमडीए, हर्क्युलस, अमिगा या सगळ्यांसाठी चालू लागला.

आता यातली गंमत ऐका. रास्पबेरी पायचा प्रोसेसर आहे आर्म घराण्यातला. हे आर्म कुठे जन्मलं? एकॉर्नमध्ये, १९८५ साली, म्हणजे बीबीसी मायक्रो बनवणाऱ्या कंपनीतच. सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी ते घडवलं, आणि पहिला चिप तपासला तो बीबीसी मायक्रोला जोडूनच. म्हणजे आज नातू आजोबांचा दुभाषा झालाय. आणि तुम्ही ही पोस्ट ज्या मोबाईलवर वाचताय, तोही बहुतेक त्याच घराण्यातला.

‘पण टीव्हीला पिवळी पिन असते की, ती जोडली तर?’ असं कुणीतरी विचारणारच. जोडता येते, चित्र दिसेलही. पण पिवळ्या पिनेत रंग आणि उजेड एकाच तारेत कोंबलेले असतात. खेळापुरतं ठीक. ओळीत ८० अक्षरं असली की सगळी भुतं होतात. शिवाय मघाशी म्हटलं तशी ती बोलीभाषा. नवा टीव्ही समजतो की ही अर्धी चित्रं आहेत, आणि दोन-दोन एकमेकांत मिसळून टाकतो. अक्षरं कंप पावतात, कडा चिकट होतात. यंत्र बरोबर बोलत असतं, ऐकणाऱ्याची समजूत चुकीची असते.

हे सगळं खेळण्याच्या हौसेपुरतं असतं तर मी एवढी मोठी पोस्ट लिहिली नसती. एक परदेशातली गोष्ट सांगतो, मग आपल्याकडे येतो.

इंग्लंडमध्ये १०८६ साली राजाने मुलखाची मोजदाद केली. कुठे किती जमीन, किती नांगर, कोण मालक. त्या वहीचं नाव डोम्सडे बुक. तिला ९०० वर्षं झाली म्हणून १९८६ मध्ये बीबीसीने नवं डोम्सडे केलं. शाळाशाळांतून दहा लाखांहून जास्त लोकांनी आपापल्या गावाची माहिती, फोटो, नकाशे दिले. सगळं दोन मोठ्या लेझर डिस्कवर गेलं, आणि ते बघायला बीबीसी मायक्रोच्या पुढच्या पिढीचं खास यंत्र आणि खास प्लेअर लागायचा. हजारो पौंडांचा संच, फार थोड्या शाळांनी घेतला. सोळा वर्षांत ही यंत्रं दुर्मीळ झाली. २००२ मध्ये लीड्स आणि मिशिगन विद्यापीठांच्या संशोधकांना खास प्रकल्प करून ते पुन्हा दिसण्याजोगं करावं लागलं. ९०० वर्षांपूर्वीची चामड्यावरची वही आजही उघडून वाचता येते, आणि १६ वर्षांपूर्वीची डिस्क वाचायला संशोधक बसवावे लागले.

आपल्याला हे नवं नाही. आपण हे मोडीच्या बाबतीत बघितलंय. पुण्याच्या पेशवे दफ्तरात रुमालांमागून रुमाल आहेत, कागद शाबूत आहे, शाई शाबूत आहे. वाचणारा मात्र शोधावा लागतो. कागद टिकला म्हणजे इतिहास टिकला असं होत नाही, तो वाचून दाखवणारा टिकावा लागतो. जुन्या कॉम्प्युटरच्या बाबतीत वाचून दाखवणारा म्हणजे आधी पडदा. मोडीला विसरायला आपल्याला काही पिढ्या लागल्या. इथे तीस वर्षं पुरली.

दोन प्रसंग सांगतो. नावं घेत नाही.

नदीकाठच्या एका गावातलं जुनं वाचनालय. २०१९ च्या महापुरात तळमजल्यावरची कपाटं बुडाली, पुस्तकांबरोबर दाखल नोंदवह्याही गेल्या. नव्वदच्या सुमारास कुणा उत्साही कार्यवाहांनी पुस्तकांची यादी कॉम्प्युटरवर घेतली होती, हे एका ज्येष्ठ सभासदांना आठवत होतं. यंत्र वरच्या मजल्यावर माळ्यावर होतं, कोरडं. मॉनिटर केव्हाच गेलेला. सगळ्यांच्या मते ते मेलेलं होतं. मी ते घरी आणलं, आधी उघडून साफ केलं, वीजपुरवठा तपासला, मग सुरू केलं. एक बीप. मागे नऊ पिनांचं हर्क्युलस. दुभाषा बोर्ड मध्ये लावला, एचडीएमआयची वायर नव्या मॉनिटरला, आणि दोन मिनिटांत पडद्यावर अक्षरं आली. हार्ड डिस्क कुरकुरत होती, पण वाचत होती. सिरियल पोर्टवरून रात्रभर फायली लॅपटॉपवर उतरवल्या.

यादी रोमन अक्षरांत होती, स्पेलिंगं मनाला येतील तशी. पण तीत एक रकाना होता, देणगीदाराचा. कुणी, कुणाच्या स्मरणार्थ, किती पुस्तकं दिली. पुस्तकं पुन्हा विकत घेता येतील, हा रकाना जगात दुसरीकडे कुठेच नव्हता. छापून दिला तेव्हा ज्येष्ठ सभासद त्यात आपल्या आईचं नाव शोधत होते. सापडलं.

दुसरा प्रसंग उलटा. एका सार्वजनिक कार्यालयात नव्वदच्या दशकातले तीन पीसी आहेत, त्यातल्या एकात मराठीचं कार्ड आहे, असं कळलं. बघायला परवानगी मागितली. परवानगी मिळाली तोवर दोन दिवसांपूर्वीच गाडी येऊन गेली होती. किलोवर. त्यात काय होतं, काही होतं की नव्हतं, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. कदाचित सगळं कागदावर उतरलेलं असेलही. पण ते बघून ठरवायला हवं होतं, वजन करून नाही.

कायदा याबद्दल गप्प नाही. केंद्राचा सार्वजनिक अभिलेख कायदा १९९३ चा. त्याच्या व्याख्येत कागद, फाईल, मायक्रोफिल्म यांच्याबरोबर कॉम्प्युटरने तयार केलेलं साहित्यही येतं. महाराष्ट्रानेही २००५ मध्ये स्वतःचा कायदा केला. ई-कचऱ्याचे नियम सांगतात की यंत्र नोंदणीकृत प्रक्रियाकर्त्याकडेच जावं. तेही बरोबर. पण एक कायदा नोंद जपा म्हणतो, दुसरा नियम कचरा नीट द्या म्हणतो, आणि दोघांच्या मधली पायरी, म्हणजे देण्याआधी यंत्र लावून बघा, ती प्रत्यक्षात कुणीच चढत नाही. कारण लावून बघायला पडदाच नसतो. ऑफिसात आधी मॉनिटर निघतो, जागा खातो म्हणून. मग खोकं माळ्यावर जातं. मग दहा वर्षांनी ‘बंद’ म्हणून यादीत येतं.

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, आजच्या लॅपटॉपवर जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल चालवता येते. बरोबर आहे, मीही चालवतो. पण नकलेला घालायला आतली माहिती आधी बाहेर काढावी लागते. ती काढायला यंत्र चालवावं लागतं, आणि आंधळेपणाने यंत्र चालवता येत नाही.

म्हणून शेवटी कामाच्या चार गोष्टी.

१. जुनं यंत्र सापडलं तर थेट वीज देऊ नका. वीस-तीस वर्षं पडलेल्या वीजपुरवठ्यात कपॅसिटर फुटून धूर निघतो, बीबीसी मायक्रोचे तर यासाठी प्रसिद्धच आहेत. आतली छोटी बॅटरी गळून बोर्ड खाल्लेला असतो. आधी जाणकाराकडून उघडून बघा. ट्यूबचा मॉनिटर सापडला तर तो मात्र स्वतः उघडू नका, आत प्राणघातक दाब साठलेला असू शकतो.

२. मागचा प्लग बघा. तीन ओळींत पंधरा पिना असतील तर व्हीजीए, साधा व्हीजीए-एचडीएमआय अडॅप्टर बहुतेकदा पुरतो. दोन ओळींत नऊ भोकं असतील तर थांबा. तो एमडीए, सीजीए, ईजीए, हर्क्युलस यांपैकी काहीही असू शकतो. नुसती पिना जुळवणारी वायर लावून भागत नाही, दुभाषा बोर्डच लागतो. जीबीएस ८२०० तर या प्लगला थेट जोडूही नका, त्याला संकेत आधी सौम्य करून द्यावे लागतात.

३. पंख्याचा आवाज आणि बीप ऐका. पडदा काळा म्हणजे यंत्र मेलं, हे खरं नाही. आणि सेकंदाला ५० चित्रं काही मॉनिटर घेत नाहीत. एकावर दिसलं नाही तर घरच्या टीव्हीच्या एचडीएमआयला लावून बघा. आपल्याकडचे टीव्ही ५० ला सहसा नाही म्हणत नाहीत.

४. संस्थेच्या भंगार यादीत जुना कॉम्प्युटर असेल तर सभेत एवढाच ठराव मागा की देण्याआधी तो एकदा पडद्याला लावून बघितला जाईल, आणि आत काय होतं याची एक ओळ इतिवृत्तात लिहिली जाईल. यासाठी लागणारा बोर्ड काही हजार रुपयांत येतो. तालुक्याला एक असला तरी पुरे.

वाचनालयं, पतसंस्था, दूध संघ, छापखाने, शाळा, नगरपालिका. आपल्या भागाचा १९८५ ते २००० चा इतिहास थोडाथोडा या सगळ्यांच्या माळ्यावर आहे. त्यातला बराच भाग कागदावरही असेल. जो नाही, त्याला वेळ फार उरलेला नाही, कारण पडद्याची सोय झाली तरी हार्ड डिस्क आणि फ्लॉपी कुणासाठी थांबत नाहीत.

तुमच्या ओळखीत अशा कुठल्या संस्थेत जुनं खोकं पडलेलं असेल तर मेसेज करा. यंत्र द्या असं म्हणत नाही, ते तुमचंच राहू द्या. बोर्ड, वायरी आणि एक मॉनिटर घेऊन मी येतो, तिथेच लावून बघू. आणि तुमच्या शाळेत बीबीसी मायक्रो होता का, त्याचं पुढे काय झालं, हे कमेंटमध्ये लिहा. निदान ती यादी तरी कुठेतरी तयार होऊ दे.